आषाढातही उघडणारा खण

२०२३ च्या आषाढात ओटीवरच्या टेबलाचा मधला खण अडकला. आत आईचं बँकेचं पासबुक होतं आणि तिला त्याच दिवशी मालवणला जायचं होतं. एक पाय टेबलाच्या पायाला लावून मी दोन्ही हातांनी मूठ ओढली. खण आला नाही, त्याची पुढची फळी तेवढी मुठीसकट हातात आली. मागे राहिल्या प्लायवूडच्या दोन बाजू, त्यांतून वाकून बाहेर आलेले गंजके खिळे, आणि पासबुक अजून आतच.

टेबल बाबांचं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शाळेच्या वह्या त्यांनी वर्षानुवर्षं ह्याच टेबलावर तपासल्या. सगळं सागवानी, दोन फूट खोल, आणि तीन खण: कडेचे दोन लहान, मधला मोठा. बारा-तेरा वर्षांपूर्वी मधला खण ढिला झाला म्हणून आम्ही तो एका फर्निचरच्या दुकानात दुरुस्तीला दिला होता. त्यांनी पुढची जुनी फळी तेवढी ठेवली. बाकी सगळं टाकून प्लायवूडच्या बाजू खिळ्यांनी ठोकल्या आणि तळाची फळी चारी कडांना गोंद लावून पक्की चिकटवली. घरी आला तेव्हा खण छान सरकत होता. पुढच्याच पावसात तो अडकू लागला. मग दरवर्षी कोणीतरी येऊन वरून रंधा मारून जायचं. तो मोकळा व्हायचा, आणि उन्हाळ्यात वर इतकी फट दिसायची की आतून झुरळं बाहेर यायची. आई तर बाजूंना खोबरेल चोळायची. त्याने दोन दिवस बरं वाटतं. मग तेल लाकडात मुरतं, त्यावर धूळ बसते आणि चिकट काळा थर तयार होतो. हे सगळं मी पाहत आले होते, पण ह्यात कुणाचं काय चुकतंय हे कधी कळलं नव्हतं.

सुटलेली फळी घेऊन मी सुतारवाडीत गेले. तिथले सुतारकाका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. घरबांधणीची कामं त्यांनी सोडली आहेत. पाट, पोळपाट, एखाद्या देवळाच्या पालखीची दुरुस्ती, एवढंच करतात. त्यांनी फळी उलटी केली, खिळ्यांच्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "खिळे कोणी मारले हेका? हेच्यात घर होता."

फळीच्या दोन्ही टोकांना लांबी, म्हणजे भोकं-भेगा बुजवायचा लगदा, भरून गुळगुळीत केलेलं होतं. त्यांनी पटाशीच्या कोपऱ्याने थोडी लांबी उकरली. आत खरोखरच घर होतं, म्हणजे खाच. आत रुंद, तोंडाशी अरुंद, पारव्याच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराची. शिकलेले लोक ज्याला डव्हटेल म्हणतात तो सांधा. दुकानदाराने जुन्या बाजू करवतीने कापून काढल्या होत्या आणि त्यांच्या शेपट्यांच्या खाचा लांबीने बुजवल्या होत्या.

काका दुसऱ्या दिवशी घरी आले. टेबलाचा उजवा लहान खण, ज्याला दुकानाचा हात लागला नव्हता, तो त्यांनी अलगद बाहेर काढला आणि ओटीवर पालथा घातला. त्या खणात मी लहानपणापासून खडू आणि टाचण्या ठेवत आले, पण तो पालथा कधीच पाहिला नव्हता.

पुढची फळी पाऊण इंच जाड, बाजू फक्त तीन सूत. (सुताराचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) बाजूंच्या पुढच्या टोकांना शेपट्या कापलेल्या आणि त्या दर्शनी फळीत मागून बसवलेल्या, त्यामुळे समोरून पाहिलं तर सांधा दिसतच नाही, अखंड साग दिसतो. खण ओढताना सगळा जोर पुढच्या फळीवर येतो. शेपटीचं टोक रुंद असल्यामुळे ती त्या दिशेने निसटूच शकत नाही. तिथे खिळा असेल तर तो आपण ओढतो त्याच दिशेला उपसला जातो. आमच्या समुद्राकाठच्या हवेत तर तो गंजून फुगतो आणि भोवतालचं लाकूड काळं पडून सैल होतं. माझ्या हातात फळी आली ती अशी.

बाजूंच्या आत, खालच्या कडेपासून दोन सूत वर, एक उथळ खाच होती. तळाची फळी मागून त्या खाचेत सरकवलेली. मागची फळी, जिला काका पाठ म्हणतात, तिची उंची कमी होती. ती तळाच्या वर संपते, त्यामुळे तळ तिच्याखालून आरपार मागे येतो. आणि एवढा मोठा तळ धरून ठेवायला मागे, अगदी मध्ये, एकच स्क्रू. त्याचं भोकही गोल नाही, लांबट. गोंद कुठेच नाही.

"हयसर गोंद कित्याक नाय?" मी विचारलं.

"लाकूड पाणी पिता गो बाय. तेका सरकाक जागा व्हयी."

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. हलतं ते रुंदीत, रेषांना आडवं. आमच्याकडे जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि ओटीवर ठेवलेलं मीठही पाणी सोडतं. त्या हवेत फळी रुंदीने फुगते, फाल्गुन-चैत्रात परत आकसते. म्हणून जुन्या कारागिराने तळाच्या रेषा डावीकडून उजवीकडे ठेवल्या होत्या. अशी फळी फुगली तर पुढून मागे फुगते, आणि मागे तिला अडवणारं काहीच नाही. रेषा पुढून मागे धरल्या असत्या तर तीच फळी बाजूंना दाबत राहिली असती. दुकानदाराने आमच्या मधल्या खणाला साध्या लाकडाचा तळ घालून चारी बाजूंनी चिकटवला, तेव्हा त्या फळीला दोनच वाटा ठेवल्या: पावसात बाजू ढकलायच्या, उन्हाळ्यात चिरायचं. तिने दोन्ही केलं होतं. तळाला टोकापासून टोकापर्यंत चीर होती.

मला वाटलं काका लगेच कामाला लागतील. त्यांनी सरळ नाही म्हटलं. "पावसात खण बसवूचो नाय. आता बसवलंय तर शिमग्याक खुळखुळतलो." मग मी म्हटलं, करेनच तर मी करते, तुम्ही शिकवा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "दिवाळेक ये."

लाकडाचा प्रश्न नव्हता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्या परड्यातला फणस आडवा झाला होता. पाऊस संपल्यावर त्याच्या इंचभर जाडीच्या फळ्या कापून आणल्या होत्या आणि मांगरात, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवल्या होत्या. इंचाला एक वर्ष, असा वाळवणीचा जुना हिशोब आहे. त्या दोन वर्षांच्या वर वाळल्या होत्या. नवा कापलेला फणस हळदीसारखा पिवळा असतो आणि वर्षागणिक तांबूस होत जातो. वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही. तळ आणि पाठ फणसाची करायची ठरली. बाजूंना साग हवा, कारण त्या रोज घासल्या जातात. काकांकडे एका पाडलेल्या घराच्या माळ्याच्या सागाच्या फळ्या होत्या. इतकं जुनं लाकूड आता विकत मिळत नाही, ते त्यांनी मला सहज काढून दिलं.

दिवाळीनंतरचे पहिले पंधरा दिवस मी फक्त धार लावली. निसण्यावर पटाशीची सपाट बाजू आधी आरशासारखी करायची, मग उतार, मग पुन्हा सपाट बाजूवरून बारीक काठ काढायचा. हातावरचे केस निघाले की पटाशी तयार. बोथट पटाशीनेच हात कापतो, हे काका रोज सांगायचे, कारण बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोराने ते निसटतं. हे मला एकदा लागूनच पटलं, डाव्या तर्जनीवर अजून खूण आहे.

मग फणसाच्या तुकड्यांवर शेपट्या. उतार किती ठेवायचा, तर सागासारख्या कठीण लाकडाला इंचामागे एक सूत. त्याहून जास्त तिरकं केलं तर शेपटीचे कोपरे कमजोर होऊन तुटतात, कमी केलं तर पकड राहत नाही. काकांकडे ह्यासाठी पितळेचा एक छोटा साचा आहे, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. रेघ पेन्सिलीने मारायची नाही, चाकूच्या टोकाने मारायची, कारण पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. आणि करवत चालवायची ती टाकाऊ बाजूला, रेघेला लागून.

पहिला सांधा मी रेघेवरूनच कापला. जोडला तेव्हा सैल दातासारखा हलत होता. मी म्हटलं, बारीक पाचर भरली तर? काकांनी तो उचलून चुलीकडे ठेवला. "पाचर भरून दिसाक बरा दिसतला. पण तो सांधो न्हय." आणि मग ते वाक्य, जे पुढे महिनाभर मी ऐकत राहिले: "रेघ खाऊ नको. रेघ लाकडावर रवाक व्हयी."

असे अकरा सांधे चुलीत गेले. बारावा हाताने दाबला आणि मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांत बसला. मग सोडवायला गेले तर सुटेना. त्या दिवशी मी घरी चालत न जाता जवळजवळ धावत गेले.

खरं काम माघात सुरू झालं. पुढची फळी जुनीच ठेवायची होती, आणि तिच्यात खाचा आधीच होत्या, कोण्या अनोळखी कारागिराने कापलेल्या. नवीन खणात सहसा आधी शेपट्या कापतात आणि त्यांच्यावरून खाचा आखतात. इथे उलट करायचं होतं. त्याच्या खाचांना माझ्या शेपट्या जुळवायच्या होत्या.

आधी लांबी काढली. पाव इंची पटाशी, हलका हात, एकेक कण. लांबी निघाली तशा खाचेच्या तळाशी त्याच्या पटाशीच्या खुणा दिसल्या. आणि फळीच्या आतल्या अंगाला, सांध्याच्या कडेने, एक बारीक सरळ रेघ होती: बाजूची जाडी मोजून त्याने ओढलेली. लाकडावर राहिलेली. खिळ्यांचे तुकडे चिमट्याने काढले, काही इतके गंजले होते की भुगा होऊनच आले. त्या भोकांत सागाच्या बारीक खुंट्या सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या गोंदाने, बसवल्या.

मग सागाची नवी बाजू पाटावर सपाट ठेवली. पुढची फळी तिच्या टोकावर उभी धरली, तिची आतली कड माझ्या आखलेल्या रेघेवर बरोबर आणली, काकांनी वरून हात दाबून धरला, आणि आतल्या बाजूने चाकूचं टोक घालून मी एकेका खाचेची बाह्यरेषा बाजूवर उतरवून घेतली. चारही खाचा थोड्या थोड्या वेगळ्या होत्या. यंत्र सगळ्या एकसारख्या कापतं, माणसाचा हात नाही. त्यामुळे उजवीची शेपटी डावीकडे चालत नाही, आणि प्रत्येकीवर खूण करावी लागते. कापताना टाकाऊ भागावर मी पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या, कारण एकदा चुकीचा भाग कापला की ती सागाची फळी गेली. पटाशीने मधला भाग काढताना अर्धा एका बाजूने, अर्धा पालथा घालून, नाहीतर मागची कड ढलपी होऊन उडते.

पुढचा डावा सांधा पहिल्याच प्रयत्नात बसला. उजव्यात एक शेपटी केसभर जाड झाली होती. काकांनी ती जबरदस्तीने ठोकू दिली नाही. खाचेच्या कडांना पेन्सिलीचं शिसं चोळलं, सांधा हलका दाबून काढला, आणि शेपटीवर जिथे काळी चमक उमटली तेवढंच खरवडायला लावलं. तीनदा केलं, चौथ्यांदा बसला.

तळासाठीच्या खाचा खाच मारायच्या रंध्याने झाल्या, एक सूत खोल. तीन सुताच्या बाजूला त्याहून खोल गेलं तर ती तिथेच चिरते. फणसाच्या तीन फळ्या कडेला कड जोडून तळ केला, चाळिसेक मिनिटांचं काम. कडा रंध्याने तिरक्या करून खाचेत जातील इतक्या पातळ केल्या. पाठीचे सांधे आरपारचे असतात, ते सोपे.

सरस मी आग्रहाने वापरला. जुन्या खणात सरसच होता, आणि त्याचा गुण हा की कधी दुरुस्ती करायची झाली तर गरम ओल्या फडक्याने तो सोडवता येतो. पन्नास वर्षांनी कुणाला हा खण उघडावा लागला तर त्याला करवत लावायला लागू नये, अशी माझी इच्छा होती. काकांचं म्हणणं थोडं वेगळं होतं: सरस पावसात नरम पडतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नकोस, सांधा असा काप की सरस नसला तरी धरेल. सरस सुकण्याआधी सुतळीने दोन्ही कर्ण मोजले. एका बाजूला अर्ध्या सुताचा फरक होता, तो हाताने दाबून काढला. खण तिरका जोडला गेला तर तो कधीच नीट सरकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खण बसवण्यात, आणि माझ्या मते खणाचं खरं काम हेच आहे. दुकानदाराने लाकूड वाचवायला बाजू पंधरा इंच केल्या होत्या. आम्ही त्या वीस इंच केल्या. आखूड आणि रुंद खण एका हाताने ओढला की तिरका होतो आणि कोपऱ्यात अडकतो. लांब बाजू त्याला सरळ ठेवतात. टेबलाच्या आत ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्या इतक्या वर्षांत एक सूत झिजून खोलगट झाल्या होत्या. त्या काढून खैराच्या घातल्या, मुसळाला वापरतात तो खैर. खणाच्या वर, दोन्ही बाजूंना, आणखी एकेक पट्टी असते, म्हणजे खण अर्धा बाहेर आला तरी पुढे झुकत नाही. दुकानदाराने त्याही काढून टाकलेल्या होत्या.

मग रंधा. एक ढलपी काढायची, खण घालून पाहायचा, कुठे घासतोय ते बघायचं, काढायचा, पुन्हा एक ढलपी. दुपार गेली. उंचीत शेवटी वरती अर्धं सूत जागा राहिली तेव्हा काकांनी थांबवलं. मला ती फट दिसत होती आणि आवडत नव्हती. "आषाढात ही जागा लागतली," एवढंच ते म्हणाले. पुढच्या फळीवर मात्र दर पावसात मारलेल्या रंध्याने दीड सुताची फट झाली होती, तिथे सागाची पातळ पट्टी जोडावी लागली. रंगात फरक दिसतो. तो राहू दिला.

बाजूंच्या खालच्या कडांना आणि खैराच्या पट्ट्यांना मेण चोळलं. खणाच्या आत पॉलिश नाही. दमट हवेत बंद खणातलं पॉलिश कोंदट वास धरतं आणि कागद चिकटतात. लाखेचं पॉलिश फक्त पुढे. मूठ तुटली होती, म्हणून उरलेला सागाचा तुकडा घेऊन मी सावंतवाडीला चितारआळीत गेले, जिथे लाकडी खेळणी आणि फळं करतात. जुन्या मुठीवरून त्यांनी नवी कातून दिली.

प्लायवूडबद्दल एक सांगते, कारण लोक मला विचारतात. चांगलं, पाण्याला टिकणारं प्लायवूड तळाला वाईट नाही. ते फारसं फुगत-आकसत नाही, उलट सोयीचं पडतं. आमच्या खणाचं नुकसान प्लायवूडने केलं नाही. केलं ते खिळ्यांनी आणि चारी बाजूंच्या गोंदाने.

काम संपलं त्या दिवशी काकांनी खण पालथा घातला आणि मागे, जिथे पाठ तळाला टेकते, तिथे तळावर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली. मग पाठीवर एक आकडा लिहिला, २. कडेच्या दोन खणांच्या पाठीवर १ आणि ३ होते, इतक्या वर्षांत मी ते पाहिलेच नव्हते.

२०२४ च्या आषाढात सहा दिवस पाऊस थांबला नाही. सातव्या दिवशी सकाळी आईने मला न सांगता मधला खण उघडला आणि पासबुक काढलं. एका हाताने. मी जाऊन पाहिलं: वरच्या फटीत पोस्टकार्ड सरकवलं तर ते घासत, पण सरकत होतं. खण बाहेर काढून पालथा घातला. काकांची पेन्सिलीची रेघ पाठीच्या मागे एक सूत बाहेर आली होती. तेवढा तळ मागे सरकला होता, लांबट भोकातून, कुणालाही न ढकलता.

दिवाळीला पुन्हा पाहिलं. रेघ अर्ध्याहून जास्त परत आत गेली होती.